प्रयुक्ताच्या खुर्चीत बाबा

रत्नागिरीत राहून मानसशास्त्र शिकायचं, तर आधी थोडा निर्लज्जपणा अंगी असावा लागतो. इतर गावांत लोक विचारत असतील, की हा विषय घेऊन पुढे काय करता येतं. आमच्याकडे कुणी विचारत नसे. आमच्या गावात इंग्रजांच्या काळापासून वेड्यांचं इस्पितळ आहे, आणि मानसशास्त्र म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर त्याचीच भिंत उभी राहायची. मी अकरावीला हा विषय घेतल्याचं कळल्यावर शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "घेऊ दे गो. घराजवळ नोकरी तरी लागेल." पलीकडच्या खोलीतल्या आजींना नोकरीची तेवढी खात्री नव्हती. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं आणि आईला हळूच विचारलं, "डोकं वगैरे दुखतं का हिचं?"

विषय घेण्यामागे थोर कारण काही नव्हतं. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या कॉलेजात त्याच तासाला दुसरा पर्याय होता सहकार, आणि सहकाराचे सर तासभर वही उतरवून देत. माझं अक्षर वाईट. म्हणून मी मानसशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले आणि पहिल्या आठवड्यातच त्या विषयाच्या अशी काही नादी लागले, की आईला वाटलं, कुणीतरी मुलगाच असणार.

शिकवायला पुण्याहून आलेल्या मॅडम होत्या. बारीक, चष्मेवाल्या, आणि बोलणं इतकं स्वच्छ, की आम्हां मुलींना आपल्या तोंडात खडे भरलेत असं वाटे. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे भूगोलाच्या खोलीत जगाच्या नकाशामागे दडलेलं एक कपाट. त्यात आरशात बघून चांदणी गिरवायची एक पाटी, शब्द लिहिलेली कार्डं, एक स्टॉपवॉच आणि प्लास्टरचा मेंदू होता. मेंदूचा डावा भाग कुठल्याशा जुन्या बॅचने हरवला होता, त्यामुळे डाव्या मेंदूबद्दल आम्ही पुस्तकावर विश्वास ठेवून शिकलो.

"आपण मन बघू शकत नाही, वर्तन बघू शकतो," मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "म्हणून निरीक्षण करायला शिका." मला हसूच आलं. आमच्या चाळीत दुसरं काय चाले? कोण किती वाजता कुठल्या पिशवीतून काय घेऊन आलं, हे सगळ्या बायका पडवीत बसून तांदूळ निवडता निवडता टिपत असत. आम्ही जन्मापासून शास्त्र करत होतो आणि लोक त्याला चोंबडेपणा म्हणत होते.

मग आला तो रशियातला कुत्रा. घंटा वाजवून खायला द्यायचं, पुन्हा घंटा वाजवून खायला द्यायचं, की काही दिवसांनी नुसत्या घंटेनेच लाळ गळायला लागते. याला अभिसंधान म्हणतात. वर्गातल्या पोरींना ते अवघड गेलं, मला मात्र ते घरात बसलेलं दिसत होतं. माझे बाबा दिवाणी कोर्टात कारकून होते. साहेबांनी टेबलावरची घंटा मारली की उठायचं, यात त्यांची हयात गेली होती. संध्याकाळी घरी बनियनवर चहा पीत असताना गल्लीतून कुल्फीवाला घंटा वाजवत गेला, तरी बाबा अर्धे उठत आणि गळ्याशी नसलेलं बटण लावत. मी हे त्यांना शास्त्रीय नावासकट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "कुत्र्याचं तू मला सांगत्येस?" आणि आई पदर तोंडाला लावून आत पळाली.

पण खरी मजा आली ती संरक्षण यंत्रणांच्या धड्याला. माणसाला मनातलं खरं सोसवलं नाही, की मन स्वतःला वाचवायला काहीबाही युक्त्या करतं, त्या ह्या यंत्रणा. मी घरात त्या वाटूनच टाकल्या. ऑफिसातला राग घरी काढणं म्हणजे विस्थापन, ते साहेबांपासून बाबांकडे, बाबांकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे येई आणि माझ्याकडून शेजारच्यांच्या मांजरावर जाऊन संपे. आपला दोष दुसऱ्यावर ढकलणं म्हणजे प्रक्षेपण, ते काकूंना. आणि समर्थन बाबांना. समर्थन म्हणजे, खरं कारण बाजूला ठेवून दुसरं शोभेसं कारण पुढे करायचं. गावी आमची दोन कलमं होती. वाऱ्याने आंबा पडला की बाबा म्हणत, "नाहीतरी यंदा गोडी नव्हतीच." बढती हुकली तेव्हा, "वरच्या टेबलाला पंखा नाही." आईने साडी मागितली की, "हल्ली रंग कुठे टिकतात?" मी जेवताना म्हणायची, "समर्थन!" आणि बाबा भाताचा घास हातात धरून विचारत, "हे परीक्षेला येणार आहे, की नुसतंच मला येणार आहे?"

बारावीच्या दिवाळीनंतर मॅडमनी मला थांबवून घेतलं आणि सांगितलं, "तू हा विषय सोडू नकोस. इथे पदवीला नाही, पण कोल्हापूरला आहे. वसतिगृह आहे. मी पत्र देईन." मी घरी पळतच आले. कोल्हापूर! आंबा घाट चढून पलीकडे! आमच्या नात्यातली एकही मुलगी शिकायला घाट चढून गेलेली नव्हती. बाबांचं माझ्याबद्दल वेगळंच ठरलं होतं. बारावी झाली की इथेच डीएड करायचं, शाळेत लागायचं, संध्याकाळी घरी. फार तर दापोलीला शेतकीचं काहीतरी, म्हणजे दोन कलमांना तरी उपयोग. मानसशास्त्र त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

बाबा रागावले नाहीत, हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "देवाला विचारू."

आमच्याकडे हे असंच होतं. गावच्या देवाला कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, आत्याचं स्थळ घ्यायचं की सोडायचं, रेडिओ आणायचा की शिवणयंत्र, सगळं आमच्या घरात असंच ठरलेलं. रेडिओला देवाने डावा दिला होता, म्हणून आमच्याकडे गाणी शेजारून यायची.

बाबांची कौलावर श्रद्धा होती, तशी पद्धतीवरही होती. काही माणसं मनासारखा कौल आला नाही, की महिन्याने परत विचारायला यायची. बाबांना त्याची चीड होती. "देव म्हणजे काय खालचं कोर्ट आहे? अपिलं करतायत!" एकदा निकाल लागला की लागला. म्हणजे मला एकदाच संधी होती आणि ती एका पाकळीच्या हातात होती.

आम्ही तिघं सकाळच्या एसटीने गावी गेलो. गुरव म्हातारा, काटक, खांद्यावर पंचा. त्याने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि बाबांना म्हणाला, "इचारा काय ता." बाबा खाकरले. आयुष्यभर अर्ज लिहिलेल्या माणसाचा प्रश्न तो:

"सदर मुलीने बारावीनंतर मानसशास्त्र या विषयाच्या पुढील शिक्षणाकामी कोल्हापूर मुक्कामी जाऊन राहावे किंवा कसे."

गुरवाने विचारलं, "म्हंजे जाव का नको?"

"तेच."

"मंग तसा बोला ना. देव काय वकील हाय?" आणि त्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ही तुजी लेक घाटावर शिकाय जाव म्हनते. उजवा दे नायतर डावा दे, पन बोल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं म्हणालो. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

देव फार वेळ घेणाऱ्यांतला नव्हता. डावी पाकळी सुटली आणि अलगद खाली आली. आई "अगोबाई" म्हणाली. बाबांनी नमस्कार केला आणि चपला घालायला वळले. माझा संताप मस्तकात गेला होता. परतीच्या एसटीत मी त्यांना सगळं मानसशास्त्र ऐकवलं. माणूस मनात जे धरून बघतो तेच त्याला दिसतं. शिवाय देवळाचं दार डाव्या अंगाला, वारा डावीकडून येतो, डावी पाकळी आधी सुकते, आधी पडते, यात देवाचा काय संबंध?

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "वारा कोण पाठवतं?" त्यांनी विचारलं. पुढच्या सीटवरचे दोघे अनोळखी गृहस्थ माना डोलावून "बरोबर" म्हणाले, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले ते स्टँड येईपर्यंत.

मी मॅडमना सांगितलं. त्या पुण्याच्या, त्यांना वाटलं मी थट्टा करत्येय. थट्टा नाही हे त्यांना पटवावं लागलं. मग म्हणाल्या, "प्रात्यक्षिक तरी चांगलं कर." त्यांच्या हातात तेवढंच होतं.

आमच्या प्रात्यक्षिकाची रीत अशी, की प्रयोग करणारीने आपलं माणूस आपण आणायचं. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला प्रयुक्त म्हणतात. प्रयुक्त गोळा करणं हेच रत्नागिरीत सगळ्यांत कठीण काम होतं. वर्षभर मी आईवर भागवलं होतं. अर्थ नसलेले शब्द पाठ करायचा एक प्रयोग असतो. मी "झुप" म्हटलं की आई लगेच, "गावच्या पाटलांचं कुत्रं." "लेव" म्हटलं की, "असं एक गाव आहे बहुतेक लांज्याकडे." तिच्यापुढे एकही शब्द बिनअर्थाचा राहिना, आणि माझा प्रयोग दर वेळी फसे. म्हणून परीक्षेसाठी मी वर्गाबाहेरच्या एका शहाण्या मैत्रिणीला ठरवून ठेवलं. ती रोज बाहेरगावाहून एसटीने यायची.

परीक्षेच्या दिवशी तिची एसटी चढावावर बंद पडली. मला ते संध्याकाळी कळलं. सकाळी एवढंच दिसत होतं, की माझ्यासमोरची प्रयुक्ताची खुर्ची रिकामी आहे आणि दुसऱ्या कॉलेजातून बोलावलेले परीक्षक सर घड्याळाकडे बघतायत. मॅडमनी शिपायाला विचारलं, तो म्हणाला, "मी नाय. माज्या डोक्याचा काय लिवाल आनि लोक काय म्हनतील." आणि तेवढ्यात दारात बाबा उभे. मी चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला ते कोर्टात जाता जाता आले होते.

मॅडमनी मला विचारलंसुद्धा नाही. "या, या, बसा," म्हणून त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं. बाबांना वाटलं, पालकांना बसवायची पद्धत असेल. ते बसले, टोपी मांडीवर ठेवली, आणि मी स्टॉपवॉच हातात घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण साक्षीदाराच्या जागी आहोत.

माझ्या वाट्याला प्रयोग आला होता शब्द-साहचर्याचा. प्रयोग करणारी एकेक शब्द वाचते, प्रयुक्ताने मनात येणारा पहिला शब्द सांगायचा आणि किती वेळ लागला ते टिपायचं. मॅडमनी शिकवताना सांगितलं होतं, की उत्तरापेक्षा वेळेकडे बघा. जिथे माणूस अडखळतो, तिथे आत काहीतरी असतं.

मी पाठ केलेली सूचना म्हणायला लागले. "मी एक शब्द उच्चारीन. तो ऐकताच मनात येणारा पहिला शब्द सांगा. यात बरोबर किंवा चूक असं काही नसतं."

"असं कसं?" बाबा म्हणाले.

"नसतं, बाबा."

"बाबा म्हणू नका, प्रयुक्त म्हणा," परीक्षक म्हणाले.

"शपथ नाही घ्यायची?" प्रयुक्ताने विचारलं.

मी देवाचं नाव घेतलं, तो मला डावा देऊन बसलेला असूनही, आणि सुरुवात केली. "झाड."

"हद्द," बाबा क्षणात म्हणाले.

"रस्ता."

"वहिवाट."

"पाणी."

"पाळी." मॅडमनी वर पाहिलं. "विहिरीची," बाबांनी खुलासा केला.

"लग्न."

"नोंदणी."

"भाऊ."

"प्रतिवादी."

परीक्षकांना खोकला आला. ते तोंडावर रुमाल धरून जगाच्या नकाशाकडे वळले आणि बराच वेळ आफ्रिका बघत राहिले. बाबांना काही पत्ता नव्हता. ते आता रंगात आले होते, टेबलावर पुढे झुकून शब्दाची वाट बघत होते. आंबा म्हटलं, ते म्हणाले वांदर. पाऊस म्हटलं, ते म्हणाले कौलं. देव म्हटलं, ते म्हणाले निकाल. इतका भरभर उत्तरं देणारा प्रयुक्त त्या कपाटाने पाहिला नसेल. मी पुढचं कार्ड उचललं आणि शब्द काय आहे हे लक्षात यायच्या आधीच वाचून टाकलं.

"मुलगी."

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

स्टॉपवॉचचा काटा फिरत होता. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, टोपीकडे बघत होते. त्यांनी टोपी एकदा उलटी केली, परत सुलटी केली. मॅडमनी लिहिणं थांबवलं. परीक्षक आफ्रिकेकडून वळले. नियमाप्रमाणे मी मध्ये बोलायचं नव्हतं आणि मला तर बोलावंसंही वाटत नव्हतं, मला पळून जावंसं वाटत होतं. बाहेर कुणीतरी नळाखाली बादली सरकवली, तिचा आवाज आला, आणि मग बाबा म्हणाले, "एसटी."

प्रयोग संपल्यावर प्रयुक्ताने स्वतःच्या मनात काय चाललं होतं ते सांगायचं असतं. त्याला अंतर्निरीक्षण म्हणतात. परीक्षकांनी आता खोकल्याशिवाय, आदराने विचारलं, "मुलगी या शब्दावर एसटी कसं सुचलं तुम्हाला?"

बाबांना वाटलं, उलटतपासणी सुरू झाली. ते ताठ बसले. "कोल्हापूरची," ते म्हणाले. "सकाळी सुटते. मी डेपोत जाऊन चौकशी केली होती. दिवसाउजेडी पोचते म्हणाले. पुढची सीट मिळाली तर बरं, कारण हिला घाट लागतो. ओकते ही. स्टँडवरून वसतिगृह चालत जाण्यासारखं आहे का ते मात्र कळलं नाही. डेपोतल्या मास्तरला माहीत नव्हतं." एवढं बोलून ते थांबले. "बाकी मला काही सांगायचं नाही."

"कधी गेला होतात चौकशीला?" हे मी विचारलं. ते माझ्या प्रश्नांत नव्हतं.

"कौलाच्या आधी," बाबा म्हणाले. "प्रश्न मांडायचा, तर कागद पुरे हवेत."

मला त्यानंतर निष्कर्ष सांगायचा होता. मी उभी राहिले आणि हातातली कार्डं नुसतीच सारखी करत राहिले. वर्षभर मी या माणसाला समर्थन, समर्थन म्हणून चिडवत होते, आणि तो एकटा डेपोत जाऊन खिडकीपाशी उभा राहून आला होता. मॅडम म्हणाल्या, "निष्कर्ष नंतर लिहून दे." परीक्षकांनी बाबांना उठून नमस्कार केला.

बाबा जाताना दारात घुटमळले. मला जवळ बोलावून खालच्या आवाजात म्हणाले, "ते भाऊ म्हटल्यावर मी जे बोललो, ते खोडता येईल का? दावा चालू आहे. रेकॉर्डवर नको." मी खोडलं. तेवढं मी त्यांच्यासाठी शास्त्राच्या विरुद्ध केलं.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "डेपोत गेले होते? मला नाही हो बोलले," म्हणाली, आणि तवा जळेपर्यंत तशीच बसून राहिली. बाबा आले, जेवले. मग पाटावरून उठताना कुणाकडेच न बघता म्हणाले, "वसतिगृहाची माहिती त्या वेळी देवापुढे आली नव्हती." आईने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. "नवीन पुरावा आला तर फेरतपासणी मागता येते," बाबा भिंतीला म्हणाले. "त्याला अपील म्हणत नाहीत."

लेखी परीक्षा झाल्यावर एका रविवारी ते एकटेच गावी गेले. आम्हाला नेलं नाही. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. आईने तीनदा सांगितलं, की बस आता, आणि चौथ्यांदा तीही माझ्याबरोबर चालायला लागली. दिवेलागणीला बाबा आले. हातपाय धुतले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "देवाची हरकत नाही."

मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडच्या आजी डोकावून गेल्या आणि आपलं पहिलं मत बरोबर होतं अशा चेहऱ्याने परत गेल्या. त्या आनंदात मला काही खटकलं नाही. उजवा पडला असता, तर बाबा उजवा पडला म्हणाले असते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. निरीक्षणात मला मार्क चांगले होते म्हणे.

जूनमध्ये निघायच्या आधी आईने मला देवाची ओटी भरायला गावी नेलं. ओटी भरून झाली, आई बाहेर नारळ फोडायला गेली आणि गुरव माझ्याकडे बघून हसायला लागला.

"तुजा बापूस," तो म्हणाला, "सकालपास्नं हितं बसला व्हता. पाकली हलाय तयार नाय. उजवी नाय न् डावी नाय. मी म्हनलो, परत इचारू, तर म्हनला, नको. दार लावून घे, वारा येतो. मंग दार लावला. दुपार झाली, माजी पेज ऱ्हायली. शेवटाला उटला, देवाला हात जोडले न् मोट्यान् बोलला, नोटीस रीतसर बजावली, मुदत सपली, हरकत आलेली नाय. आनि चालाय लागला. आता याच्यावर देव काय बोलनार?"

"मग पाकळी?"

"पडली ना. तो गेल्यावर."

"कुठली?"

गुरवाने केरसुणी उचलली आणि झाडलेलीच जमीन पुन्हा झाडायला लागला. "मी नाय बगितली. बापूस येवडा तंगडतोड करून गेला, मी कशाला बगू?" मग हात थांबवून म्हणाला, "शीक हो बाय नीट."

मी देवळाच्या पायरीवर बसले. देव मानणारा माणूस, निकाल पाळणारा माणूस, ज्याने एका पाकळीसाठी घरात रेडिओ येऊ दिला नाही, त्याने माझ्यासाठी देवाच्या तोंडावर दार लावलं होतं. आई नारळाची कवडं घेऊन आली, तिने विचारलं, "काय झालं गो?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन लागलं." खूप ढग होते.

कोल्हापूरच्या गाडीला बाबा स्टँडवर आले तेव्हा त्यांनी खरोखरच पुढची सीट धरून ठेवली होती, रुमाल, टोपी आणि छत्री अशा तीन वस्तू टाकून. ट्रंक टपावर चढवून झाली. त्यांनी खिडकीतून लिंबांची पिशवी आत दिली. घाट आला की एक चोखायचं. उतरल्यावर वसतिगृहाचा रस्ता पोलिसाला विचारायचा, रिक्षावाल्याला नाही. आल्याचं कार्ड त्याच दिवशी टाकायचं. सूचना संपल्या तरी गाडी सुटेना, म्हणून त्यांनी त्या पहिल्यापासून परत सांगितल्या.

कंडक्टरने दार ओढलं. आता नाही विचारलं तर कधीच विचारता येणार नाही, असं मला वाटलं. "बाबा, देवाची खरंच हरकत नव्हती?"

बाबांनी खिडकीचा गज धरला होता. त्यांनी गळ्याशी हात नेला, बटण लावलेलंच होतं, ते पुन्हा चाचपलं. "असती," ते म्हणाले, "तर मुदतीत आली असती."

घंटी वाजली, गाडी हलली. स्टँडच्या फाटकापर्यंत ते गज धरून गाडीबरोबर चालले आणि मग गाडीने त्यांना सोडून दिलं. मी पिशवीतलं लिंबू काढून नाकाशी धरलं आणि मान खाली घालून बसले. शेजारच्या बाईंनी जरा सरकून जागा करून दिली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"गाडी लागते वाटतं?"

मी मान हलवून हो म्हटलं. घाट अजून खूप लांब होता.